कॉलेजात असतानाच सरकारी नोकरीची तयारी: दाखल्यांपासून इंटर्नशिपपर्यंत

आपल्याकडे बरीच मुलं पदवीचा निकाल हातात पडेपर्यंत थांबतात, मग पुण्याला खोली घेतात, अभ्यासिका लावतात आणि तिथून जाहिरातींची वाट बघत बसतात. तालुक्याच्या कॉलेजात स्पर्धा परीक्षा केंद्राचं काम करताना मी हे दरवर्षी बघते. मुलं अभ्यासात कमी पडतात असं नाही. अर्ज भरायची वेळ येते तेव्हा नॉन-क्रिमीलेअरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मुदत संपलेली असते, टायपिंगचं प्रमाणपत्र नसतं, दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. ही कामं पहिल्या-दुसऱ्या वर्षात निवांत होण्यासारखी असतात. आणि ज्या खात्यात आयुष्य काढायचं म्हणतो, त्या खात्याच्या ऑफिसात काही आठवडे बसून काम बघण्याची संधीही कॉलेजात असतानाच सगळ्यात सहज मिळते. ज्यांच्या घरात आजवर कुणी सरकारी नोकरीत नव्हतं, ज्यांना विचारायला जवळ कुणी नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

पहिलं काम: आज तुम्ही कशाला पात्र आहात ते पाहा

पदवी झाली नाही म्हणजे आपण कशालाच पात्र नाही, हा समज आधी काढून टाका. एफवायला बसलेला प्रत्येक जण बारावी पास आहेच. बारावीच्या पात्रतेवर पोलीस शिपाई भरती आहे, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची (एसएससी) सीएचएसएल म्हणजे लिपिकासारख्या पदांची परीक्षा आहे, रेल्वेच्या एनटीपीसी (तांत्रिक नसलेल्या पदांच्या) भरतीतली बारावी पातळीची पदं आहेत. दहावीवर एसएससीची एमटीएस (शिपायासारखी पदं), निमलष्करी दलांतली जीडी कॉन्स्टेबल भरती आणि टपाल खात्याची ग्रामीण डाक सेवक भरती आहे. डाक सेवकाला तर परीक्षाच नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते. मात्र त्या भागाची भाषा दहावीपर्यंत शिकलेली असावी लागते.

पदवीवर एमपीएससी, यूपीएससी, एसएससीची सीजीएल आणि बँका. शेवटच्या वर्षाला असताना अर्ज करता येतो की नाही, हे मात्र परीक्षेगणिक बदलतं. एमपीएससीच्या राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला आणि यूपीएससीला शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात, पदवी पुढच्या टप्प्यावर दाखवावी लागते. स्टेट बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) भरतीतही तशी सवलत असते. आयबीपीएस या संस्थेमार्फत होणाऱ्या बँक भरतीत मात्र जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत निकाल लागलेलाच हवा. विद्यापीठाचा निकाल लांबला आणि चांगला अभ्यास झालेली मुलं तेवढ्यावरून बाहेर राहिली, असं होतं. तेव्हा आपल्या विद्यापीठाचा निकाल साधारण कधी लागतो हे लक्षात घेऊनच बँकेचं वर्ष ठरवा.

वयाचंही गणित मांडून ठेवा. राज्यसेवेला १९ वर्षं पूर्ण लागतात आणि कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. यूपीएससीच्या नागरी सेवेला २१ ते ३२, पुढे प्रवर्गानुसार सवलत. पोलीस शिपायाला खुल्या प्रवर्गात १८ ते २८ आणि मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. म्हणजे वर्दीची नोकरी हवी असेल तर वेळ कमी आहे, तिची तयारी आधी सुरू व्हायला हवी. तिथे मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदान आधी होतं आणि त्यातून निवडलेल्यांनाच लेखीला बोलावतात. जाहिरात आल्यावर धावायला सुरुवात केली तर पाय साथ देत नाहीत, दुखापती होतात. पहाटेचं मैदान पहिल्या वर्षापासूनच धरा.

यूपीएससीबद्दल एक गोष्ट जपून. खुल्या प्रवर्गाला ६ आणि ओबीसींना ९ संधी असतात, अनुसूचित जाती-जमातींना संधींची मर्यादा नाही. नुसता अर्ज भरल्यानं संधी मोजली जात नाही, पण पूर्वपरीक्षेच्या एका जरी पेपरला बसलात तर ती मोजली जाते. ‘बघू तरी कसा असतो पेपर’ म्हणून तयारीशिवाय बसू नका. जुने पेपर आयोगाच्या साईटवर फुकट आहेत. ते घरी घड्याळ लावून सोडवा.

परीक्षा नेमकी कोण घेतं

नव्या मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ ‘सरळसेवा’ या शब्दाशी होतो. एमपीएससी आयोग म्हणून काही पदं भरतं: राज्यसेवा, गट-ब अराजपत्रित, गट-क. लिपिक-टंकलेखकही आता तिकडूनच भरले जातात. त्याखेरीज खाती स्वतः जाहिरात काढतात आणि परीक्षा घेण्याचं काम टीसीएस किंवा आयबीपीएसला देतात, बोलताना मुलं यालाच सरळसेवा म्हणतात. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची परीक्षा टीसीएसनं घेतली, जिल्हा परिषदांच्या १९,४६० जागांची आयबीपीएसनं. कंपनी फक्त परीक्षा घेते, नेमणूक खातंच देतं. म्हणून जाहिरात नेहमी खात्याच्या साईटवर शोधायची.

भाषेबद्दलही गैरसमज आहेत. मराठी माध्यमातली मुलं केंद्राच्या परीक्षा सोडूनच देतात. पण रेल्वे भरतीची परीक्षा मराठीतून देता येते. एसएससीची एमटीएस आणि सीएचएसएल २०२३ पासून मराठीतून देता येतात. बँकांच्या क्लार्क परीक्षेतही मराठीचा पर्याय आहे. सीजीएल मात्र हिंदी-इंग्रजीतच. यूपीएससीची पूर्वपरीक्षा हिंदी-इंग्रजीत असली तरी मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते. मराठी हेच आपलं बळ असेल तर रेल्वे आणि सीएचएसएलकडे वळून बघा. महाराष्ट्रातली मुलं तिकडे फार कमी जातात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आता उत्तरं लिहावी लागतात, पर्याय निवडून भागत नाही. कला शाखेच्या मुलांना मी सांगते, विद्यापीठाच्या पेपरातलं दहा गुणांचं उत्तर गाईडमधून उतरवू नका, स्वतः मांडून लिहा. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल हे विषय इथे-तिथे दोन्हीकडे तेच आहेत.

दाखले: जाहिरात येण्याआधीचं खरं काम

यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण क्लासवाले हे शिकवत नाहीत.

बहुतेक जाहिरातींत एक वाक्य असतं, की उमेदवारानं सर्व अर्हता व प्रमाणपत्रं ‘अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकापर्यंत’ धारण केलेली असावीत. या वाक्याखाली रेघ मारा. अर्ज भरताना कागद अपलोड करायला सांगितला नाही, म्हणून तो लागत नाही असं नाही. परीक्षा होईल, यादीत नाव येईल आणि कागदपत्र तपासणीच्या दिवशी टेबलामागचे अधिकारी तुमच्या दाखल्यावरची तारीख बघतील. ती शेवटच्या दिनांकानंतरची असेल तर तुम्ही राखीव जागेवरून बाहेर.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र घ्या हातात आणि नीट वाचा. खालच्या भागात ते कुठल्या तारखेपर्यंत वैध आहे ते लिहिलेलं असतं, बहुधा ३१ मार्च आणि पुढे वर्ष. काहींचं एका वर्षाचं असतं, काहींचं तीन वर्षांचं. ती तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा आणि आधीच नूतनीकरणाला लागा. त्यासाठी आधी तहसीलदारांचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, मग प्रस्ताव प्रांत कार्यालयात जातो. दोन्ही टप्प्यांना वेळ लागतो आणि जून-जुलैत ॲडमिशनच्या गर्दीत तर फारच लागतो. एप्रिलच्या सुरुवातीला सेतूत किंवा ‘आपले सरकार’च्या साईटवर अर्ज टाकलेला बरा.

जात पडताळणीचा (जातीचा दाखला खरा असल्याचं वैधता प्रमाणपत्र मिळवण्याचा) मुद्दा कला-वाणिज्यच्या मुलांच्या जिव्हाळ्याचा आहे. विज्ञानाच्या मुलांना बारावीनंतर इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे ते घरात आलेलं असतं. बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना कुणी मागत नाही, म्हणून काढलेलंच नसतं. जात पडताळणी समिती अर्ज घेते तो शिक्षण, नोकरी, निवडणूक अशा कारणासाठीच. आज तुम्ही विद्यार्थी आहात, प्राचार्यांचा सही-शिक्का मिळू शकतो, शिक्षणाच्या कारणासाठी अर्ज करता येतो. कॉलेज सुटलं की हे सोपं राहत नाही. जुने पुरावे गोळा करायलाच महिने जातात: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीचा उतारा), जुनी महसुली नोंद. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा असेल तर काम सुकर होतं. आजोबांच्या गावच्या मराठी शाळेत एक फेरी मारून या. मुख्याध्यापकांकडे जुनी रजिस्टरं जपून ठेवलेली असतात.

राज्य आणि केंद्र यांचे दाखले वेगळे असतात, हे विसरू नका. केंद्राच्या भरतीत ओबीसी म्हणून अर्ज करायचा तर केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. मराठा समाजाला राज्यात २०२४च्या कायद्यानं मिळालेलं एसईबीसीचं (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) १० टक्के आरक्षण केंद्राच्या भरतीत चालत नाही. तिथे उत्पन्न-मालमत्तेच्या अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), नाहीतर खुला प्रवर्ग. कुणबी दाखला असेल तर गोष्ट वेगळी. बँकेच्या फॉर्ममध्ये एसईबीसीचा दाखला जोडून स्वतःला ओबीसी लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. तो अर्ज पुढे जाऊन हमखास अडतो.

याशिवाय अधिवास दाखला सगळ्यांनाच हवा. समांतर आरक्षणाचे (जातीच्या प्रवर्गाखेरीज मिळणाऱ्या राखीव जागांचे) दाखलेही घरात शोधा: प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, खेळाडू, अनाथ, दिव्यांग. धरणात जमीन गेलेल्या घरातल्या कितीतरी मुलांना ५ टक्के जागा आपल्यासाठी आहेत हे माहीतच नसतं.

नावाचं म्हणाल तर दहावीचं प्रमाणपत्र हाच आधार माना. आधार, पॅन, बँक खातं त्याच्याशी जुळवून घ्या. वडिलांचं नाव एका ठिकाणी ‘ज्ञानेश्वर’ आणि दुसरीकडे ‘ज्ञानोबा’ असेल तर आत्ताच दुरुस्त करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद करून ठेवा.

शेवटी दोन कौशल्यांचे कागद. राज्याच्या बऱ्याच गट-क पदांना एमएस-सीआयटी किंवा समकक्ष संगणक प्रमाणपत्र लागतं. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाची शासनमान्य टायपिंग परीक्षा लागते. टायपिंगची परीक्षा वर्षातून ठरावीक वेळीच होते आणि निकालही लगेच लागत नाही. म्हणून एफवायच्या दिवाळीच्या सुट्टीतच क्लास लावा.

जाहिरात वाचायची कशी

यूट्यूबवर कुणी सांगितलेल्या मुद्द्यांवर अर्ज भरू नका. मूळ पीडीएफ उतरवा, चाळीस पानांची असली तरी. सगळ्यात आधी तारखा बघा, मग पात्रता. वय कुठल्या तारखेला मोजायचं ते त्यात दिलेलं असतं. त्यानंतर पदांचा तक्ता घ्या. तुमच्या प्रवर्गाच्या ओळीत सर्वसाधारण, महिला, खेळाडू, माजी सैनिक असे रकाने असतात. एकूण जागा ३०० दिसल्या तरी तुमच्या रकान्यात शून्य असू शकतं. काही भरत्या जिल्हानिहाय असतात आणि एकाच जिल्ह्याला अर्ज करता येतो. तिथे गेल्या वेळचं कटऑफ आणि जागा शेजारी-शेजारी ठेवून जिल्हा निवडा. नुसतं गाव जवळ आहे म्हणून निवडू नका.

शुल्काचाही हिशेब ठेवा. एसएससीचं शुल्क १०० रुपये, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तेही माफ. रेल्वेचं ५०० रुपये, पण पहिल्या परीक्षेला बसलात की त्यातले ४०० परत येतात. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना २५० भरावे लागतात, तेही परत मिळतात. परत येण्यासाठी बँक खात्याचा तपशील बिनचूक भरा. राज्याच्या सरळसेवेचं शुल्क याहून बरंच जास्त असतं, २०२३च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये होतं. शेतमजुराच्या घरातल्या मुलानं पाच ठिकाणी अर्ज भरायचे तर घरातली मोठी रक्कम जाते. म्हणून दोन-तीन परीक्षा ठरवा आणि त्यांनाच जीव लावा.

एमपीएससी आणि एसएससी दोन्हीकडे आधी एकदाच नोंदणी करायची असते. एसएससीची साईट २०२४ मध्ये बदलली, तेव्हा जुनी नोंदणी चालत नाही. नोंदणीत स्वतःचा मोबाईल नंबर आणि स्वतःचा ईमेल द्या. नेटकॅफेवाल्या दादाचा ईमेल दिला जातो, पुढे पासवर्ड बदलायची वेळ येते आणि कॅफे बंद झालेला असतो. अर्जाची पीडीएफ, पैसे भरल्याची पावती आणि अर्जावरचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा. त्याच फोटोच्या चार प्रिंटही काढून ठेवा, परीक्षेच्या दिवशी लागतात.

इंटर्नशिप: ऑफिस आतून बघा

नव्या शैक्षणिक धोरणानं कॉलेजच्या मुलांना एक दार उघडून दिलं आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात आता ऑन जॉब ट्रेनिंग आलं. अनेक विद्यापीठांत त्याला ४ श्रेयांक (क्रेडिट) आहेत, म्हणजे साधारण १२० तासांचं काम. बहुतेक मुलं ते ओळखीच्या दुकानात किंवा सीएच्या ऑफिसात उरकतात. त्याऐवजी तेच तास सरकारी कार्यालयात घालवा, असा माझा आग्रह आहे.

कुठे जायचं ते आपल्या विषयावरून ठरवा. भूगोलवाल्यांना भूमी अभिलेख किंवा जलसंधारण. वाणिज्यच्या मुलांना जिल्हा परिषदेचा वित्त विभाग किंवा नगरपरिषदेचा लेखा विभाग. समाजशास्त्राला महिला व बालविकास, पत्रकारिता-मराठीला जिल्हा माहिती कार्यालय किंवा जिल्हा ग्रंथालय. संख्याशास्त्र-अर्थशास्त्राच्या मुलांना मी जिल्हा सांख्यिकी कार्यालयात पाठवते. ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ तिथूनच निघतं. त्यातले पेरणीचे, पर्जन्याचे, शाळांचे तक्ते कसे भरले जातात हे बघितलं की पुस्तकातली आकडेवारी जिवंत होते.

अर्ज साधा, एका पानाचा असू द्या. वर प्रति, कार्यालय प्रमुखांचं पदनाम आणि कार्यालय. विषय: ‘कार्यप्रशिक्षणाची परवानगी मिळणेबाबत.’ मजकूर असा: ‘महोदय, मी अमुक महाविद्यालयात बी.ए. तृतीय वर्ष (भूगोल) या वर्गात शिकत आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार मला १२० तासांचे कार्यप्रशिक्षण पूर्ण करावयाचे आहे. आपल्या कार्यालयात अमुक ते अमुक दिनांकापर्यंत विनामानधन काम करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. महाविद्यालयाचे शिफारसपत्र सोबत जोडले आहे.’ दोन प्रती काढा. एक आवक-जावक शाखेत द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. पोच असली की आठवड्यानं जाऊन ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ हे नीट विचारता येतं. नुसतं तोंडी विचारून आलात तर तुमचं नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही.

काम मिळाल्यावर छोटं-मोठं म्हणू नका. नस्त्या (फायली) लावणं, टपालाची नोंद, एक्सेलमध्ये माहिती भरणं, शिबिरात टेबल सांभाळणं, हेच असतं. पण एखादा अर्ज आवकमधून लिपिकाकडे, तिथून अव्वल कारकुनाकडे, मग अधिकाऱ्याच्या सहीला कसा जातो हे एकदा डोळ्यांनी बघा. ही शिकवण कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. काही मुलांना तिथे बसून कळतं की हे काम आपल्याला आवडणार नाही. तेही वेळेवर कळलेलं फार चांगलं. निघताना तास आणि कामाचा तपशील लिहिलेलं, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

केंद्राच्या इंटर्नशिपमध्ये नीती आयोगाची ओळखीची आहे. दर महिन्याच्या १ ते १० तारखेला अर्ज उघडतात. पदवीचं दुसरं वर्ष संपलेलं आणि बारावीला ८५ टक्के, पदव्युत्तर असाल तर पहिलं वर्ष संपलेलं आणि पदवीला ७० टक्के, अशी अट असते. कालावधी सहा आठवडे ते सहा महिने. मानधन मिळत नाही, त्यामुळे दिल्लीत राहण्या-खाण्याचा विचार आधी करा. रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप मुख्यतः अर्थशास्त्र, वाणिज्य, संख्याशास्त्र, व्यवस्थापन, कायदा अशा विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असते. तिचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापासून निघतात, म्हणजे आदल्या वर्षीच ध्यानात ठेवायला हवं.

काही योजना शिकत असताना मिळत नाहीत, आणि इथेच मुलांचा हिरमोड होतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधरांना १० हजार विद्यावेतन आणि सरकारी कार्यालयांतही काम. पण शिक्षण चालू असलेले त्यात बसत नाहीत. त्यातून कायम नोकरी मिळते असं समजून जाऊ नका, ते प्रशिक्षण आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांना बंदच होती, आणि तिथलं काम मोठ्या खासगी-सार्वजनिक कंपन्यांत असतं. शहरी प्रश्नांत रस असेल तर केंद्राची ट्युलिप योजना बघा. महानगरपालिका-नगरपालिकांत काम, आणि अंतिम निकालापासून १८ महिन्यांच्या आत अर्ज.

मुख्यमंत्री फेलोशिपचं स्वप्न अनेकांचं असतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात ६० जागा, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव. पूर्णवेळ इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप, आर्टिकलशिपही त्या अनुभवात धरली जाते. तेव्हा पदवीनंतरचं वर्ष कसं घालवायचं याचं उत्तर इथे मिळतं.

अप्रेंटिसशिप मुलं आयटीआयवाल्यांची समजतात. पदवीधरांसाठीही ती असते, एनएटीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवा. महावितरण, एसटी, माझगाव डॉक, सरकारी बँका यांच्या जाहिराती निघत असतात. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१च्या (सगळ्यात खालच्या पातळीच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत.

फुकटात मार्गदर्शन कुठे

लाखभर रुपये क्लासला घालण्याआधी आपल्या समाजघटकासाठीची संस्था बघा. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी अमृत. त्यांच्याकडून मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतनही मिळतं, निवड चाळणी परीक्षेतून होते. यूपीएससीसाठी मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आणि नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती इथली पूर्वप्रशिक्षण केंद्रं आहेत.

पैसे मागणारा माणूस

‘वरपर्यंत ओळख आहे, आधी अर्धे द्या’ म्हणणारा माणूस प्रत्येक गावात कुणालातरी भेटतोच. आईचे दागिने मोडून, शेत गहाण टाकून दिलेले पैसे परत आलेले मी पाहिले नाहीत. केंद्राच्या गट-क आणि गट-ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद आहेत. तिथे ‘मुलाखत सेट करतो’ म्हणणारा सरळ खोटं बोलतो आहे. पेपरफुटीविरोधात केंद्रानं आणि राज्यानं २०२४ मध्ये कायदे केले. पैशांचा व्यवहार झाला की तुम्हीही अडचणीत येता.

बनावट साईटही ओळखायला शिका. सरकारी पत्ता बहुधा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’नं संपतो, पण टीसीएस-आयबीपीएसच्या अर्जाची पानं वेगळ्याच पत्त्यावर उघडतात आणि तीही खरी असतात. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबायची नाही. खात्याच्या साईटवर जाऊन तिथल्या भरतीच्या दुव्यावरूनच अर्जाकडे जायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड.

परीक्षेनंतर

पेपर झाला की मुलं निकालापर्यंत साईट उघडतच नाहीत. मध्येच पहिली उत्तरतालिका येते आणि हरकती घ्यायला मोजके दिवस मिळतात. एका प्रश्नाची हरकत मान्य झाली तरी क्रम बराच हलतो. हरकत घेताना क्लासच्या नोट्स जोडू नका, पाठ्यपुस्तक किंवा शासनाचं प्रकाशन जोडा. परीक्षा अनेक सत्रांत झाली असेल तर गुणांचं सामान्यीकरण होतं. तेव्हा मित्राच्या सत्रातल्या गुणांशी आपले गुण ताडून निराश होऊ नका.

कागदपत्र तपासणीला मूळ प्रती आणि साक्षांकित छायाप्रतींचे दोन संच न्या, जाहिरातीतल्या क्रमानं लावून. छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र मागतात, त्याचा नमुना जाहिरातीच्या शेवटी असतो. निवड यादीत नाव नसेल तर प्रतीक्षा यादीही बघा. वरचे उमेदवार दुसऱ्या पदावर गेले की खालच्यांना बोलावणं येतं, आणि ते पत्र किंवा ईमेल अर्जात दिलेल्या पत्त्यावरच येतं. म्हणून तो मोबाईल नंबर आणि तो ईमेल भरती पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा.